पोटॅशियम ७.२

पोटॅशियम सातच्या वर आलं की लॅबमध्ये पहिला संशय पेशंटवर नाही, रक्त काढणाऱ्यावर घ्यायचा असतो. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त. दंडाला पट्टा करकचून बांधला, मूठ उघडमीट करायला लावली, बारीक सुईतून रक्त जोरानं ट्यूबमध्ये सोडलं, की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच चढतो. त्याहून मोठे महाभाग म्हणजे लाल झाकणाच्या ट्यूबला रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ओतणारे. त्या जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, आणि त्यात पोटॅशियमच असतं. नव्या पोरांना दरवर्षी हे सांगते, दरवर्षी कोणीतरी ओततंच.

अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाणपट्टा म्हणजे आमचा भाग. इथं किडनीच्या तक्रारी घरोघर. त्या दिवशी शुगर-बीपीची ओपीडी होती. साठीच्या एक बाई, तक्रार एवढीच की पायात जीव नाही. शुगर १९०. एवढ्यावर त्यांना बी-कॉम्प्लेक्स देऊन घरी पाठवणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिलेत. आमचे बाँडवरचे, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा करणारे, डॉक्टर नवे आहेत, पण बाईंची बीपीची टेल्मिसार्टनची गोळी पाहून त्यांनी इलेक्ट्रोलाइट (सोडियम-पोटॅशियम) आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन लिहिलं.

पोटॅशियम ७.२. नॉर्मल ३.५ ते ५. क्रिएटिनिन २.४, म्हणजे किडनी थकलेली.

सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, स्वच्छ पिवळं होतं, गुलाबी झाक नाही, म्हणजे पेशी फुटलेल्या नव्हत्या. तरी त्याच रक्तावर कॅल्शियमची तपासणी लावली, कारण ईडीटीए मिसळलं असतं तर ते तळाला गेलं असतं. ९.१ आलं, नॉर्मल. मग स्वतः जाऊन, पट्टा न बांधता, पुन्हा रक्त काढलं. सिस्टर म्हणाल्या, "मशीन बिघडलं असेल, ट्रेमध्ये ठेवून द्या." सकाळी कॅलिब्रेशन मीच केलं होतं. दुसऱ्यांदा ७.१. चिठ्ठी ट्रेमध्ये न ठेवता हातात घेऊन ओपीडीत गेले.

ईसीजीत टी लहरी तंबूसारख्या टोकदार, म्हणजे पोटॅशियमचा परिणाम हृदयावर दिसू लागला होता. पुढचं सगळं भराभर झालं: शिरेतून हळूहळू कॅल्शियम ग्लुकोनेट, साधं इन्सुलिन १० युनिट, सोबत २५ टक्के डेक्स्ट्रोज, साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन. मुलगा भडकला. "शुगरच्या पेशंटले ग्लुकोज काहून लावता?" प्रश्न चुकीचा नव्हता. इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलतं, इथं इन्सुलिन त्यासाठी होतं. ग्लुकोज शुगर खाली कोसळू नये म्हणून. पण तेव्हा समजावायला कोणाला वेळ होता?

पोटॅशियम आलं कुठून? सुनेनं पिशवीतून एक बाटली काढली: शुगरसाठी खनिजांच्या गोळ्या, क्रोमियम, जस्त, मॅग्नेशियम. डॉक्टर त्या बाटलीवरच तुटून पडले. मी लेबल वाचलं, पोटॅशियम कुठंच नव्हतं. या गोळ्यांचं मला कौतुक नाही. शुगर वाढलेली असली की मॅग्नेशियम लघवीतून जातं हे खरं, पण म्हणून प्रत्येकाला गोळी द्या असं मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत, क्रोमियमचंही तेच. किडनी थकलेली असेल तर मॅग्नेशियम उलट साचतं. आमच्याकडे तर मॅग्नेशियमचं किटच नाही, मोजणार कशानं? पण त्या दिवशीचा चोर ती बाटली नव्हती.

"जेवणात काय असते?" मी विचारलं.

"मीठ तं कमीच हाय माह्यं," बाई म्हणाल्या. "पोरानं नागपूरवरून कमी मिठाचं मीठ आणलं. खारटच लागत नाई, म्हून जरा जास्त टाकतो मी."

पाकिटावर बारीक अक्षरात: पोटॅशियम क्लोराइड.

शिबिरात सांगितलं होतं, मीठ कमी करा. बरोबर. टेल्मिसार्टन दिली, तीही बरोबर. बीपी आणि शुगरवाल्यांच्या किडनीसाठी ती देतातच, फक्त ती पोटॅशियम अडवून धरते. पोरानं जीव लावून महागाचं मीठ आणलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ च्या जानेवारीत असं मीठ वापरायची शिफारस केली, किडनीचे रुग्ण, गरोदर बाया आणि मुलं सोडून. हे 'सोडून' आमच्या शिबिराच्या पत्रकात कुठंच नाही. पत्रक छापणाऱ्यांनी मिठाच्या पाकिटाची मागची बाजू कधी वाचली असेल असं मला वाटत नाही.

तासाभरानं ६.१, मग १०८ नं अकोल्याला. आता बऱ्या आहेत, मीठ साधंच, पण चिमटीभर.

जाताना सून म्हणाली की एक पाकीट शेजारच्या काकांना दिलंय, त्यांनाही शुगर आहे. आशाताईला फोन करून काकांना बोलावलं. पोटॅशियम ४.४, क्रिएटिनिन ०.९, बीपी मात्र चढलेलं. म्हणजे त्यांच्यासाठी ते मीठ चांगलंच!

"एकच पाकीट हाय ना बाप्पा," काका म्हणाले, "मंग तिले जहर अन् मले औषध, असं कसं?"

डॉक्टरांनी त्यांना मीठ चालू ठेवायला सांगितलं, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायच्या अटीवर. काका तीन महिन्यांनी येतील यावर माझा विश्वास नाही.