सगळ्यात स्वच्छ चार कॅसेटी

जुन्या कॅसेटींवरचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उतरवायचं काम घेताना आम्ही जो फॉर्म भरून घेतो, त्यात शेवटी 'विशेष सूचना' असा रकाना आहे. बहुतेक लोक तो कोराच ठेवतात. या गृहस्थांनी मात्र ठळक अक्षरांत लिहिलं होतं : फक्त गाणी हवीत, मधली बडबड आणि आरडाओरडा काढून टाकणे.

खोक्यात ४३ कॅसेटी होत्या. त्यांचे वडील डीजे. शनिवारी रात्री नाचाच्या हॉलमध्ये वाजवायचे आणि मनात येईल त्या रात्रीचा कार्यक्रम मिक्सरमधून थेट कॅसेटवर घ्यायचे. ४२ कॅसेटी १९८७ ते १९९४ मधल्या, एक नंतरची. वडील गेल्या वर्षी वारले. मुलाला घरच्यांसाठी सलग ऐकता येईल अशी फाइल हवी होती. साधं काम, दोन आठवड्यांत देऊ म्हणून मी सही केली.

लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर गाणी ऐकत बसतो. खरं तर निम्मा वेळ हातात स्क्रू-ड्रायव्हर असतो. टेपमागचा फेल्टचा पॅड गोंद सुकून गळलेला असतो, तो चिमट्याने परत बसवायचा. कवच स्क्रूचं नसून चिकटवलेलं असेल, तर ते फोडून टेप दुसऱ्या कवचात घालायची. मग अझिमथ, म्हणजे टेपवरून आवाज उचलणाऱ्या हेडचा टेपशी असलेला कोन. याबद्दल मी जरा जास्त बोलते, माझ्या घरचेही कंटाळलेत. कॅसेटची टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते. रुंदी चार मिलिमीटरही नाही, आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक. हेडमधली फट टेपला अगदी काटकोनात हवी. पण ज्या डेकवर रेकॉर्डिंग झालं त्याचं हेड केसभर तिरकं असेल, तर माझंही तेवढंच तिरकं करावं लागतं. नाही केलं तर सगळ्यात बारीक आवाज आधी जातात : झांजांची किणकिण, बोलण्यातला 'स'. म्हणून डावा-उजवा चॅनेल एकत्र करून ऐकायचं आणि हेडशेजारचा स्क्रू हळूहळू फिरवायचा. एका जागी आवाजावरचं कांबळं कुणीतरी उचलावं तसं होतं. तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला, आणि बाजू उलटली की पुन्हा.

आमचा तरुण सहकारी हे करत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवता येतो म्हणतो. जे टेपवरून उचललंच नाही ते वाढवणार कशातून, हे मी त्याला तीन वर्षं विचारते आहे. म्हणून हल्ली वाटणी अशी : टेपवरून उतरवायचं मी, साफसफाई त्याने. माझी उतरवलेली मूळ फाइल, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, काहीही हात न लावता वेगळी राहते. ही अट मी भांडून घातली आहे.

त्या गुरुवारी सकाळी त्याचा निरोप आला : '२८ ते ३१ एकदम स्वच्छ आहेत. यांना काही करायलाच नको.'

मला ते खटकलं. तोच डेक, तोच हॉल, टेपही त्याच कंपनीची. २७ पर्यंत गर्दीचा गोंगाट आणि मधेच चार कॅसेटी स्वच्छ? मी कॉफी बाजूला ठेवून २७ पासून ऐकायला बसले.

त्या दिवसाआधी मी या कॅसेटी ऐकल्याच नव्हत्या, हे इथे कबूल करते. उतरवताना आपण आवाज ऐकतो, मजकूर ऐकत नाही. पातळी बघतो, कुठे टेप ओढली जाते का ते बघतो. गुरुवारी पहिल्यांदा, फक्त कान लावून, क्रमाने ऐकलं. २७ वरून मागे गेले, थेट १ वर, मग पुन्हा पुढे. दिवस गेला.

हे डीजे रात्रीचा शेवट एकाच गाण्याने करायचे. नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही पुढचा परिच्छेद गुणगुणत वाचाल. १९८० च्या पहिल्या काही वर्षांतलं, आणि त्यात तो ड्रम : ठोका भिंतीएवढा फुगतो आणि विरायच्या आत कापला जातो. त्या दशकाची ही सहीच. तिचा जन्म कसा झाला ते आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं. १९७९ साली लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत गायक पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चालू होतं. ड्रमवर फिल कॉलिन्स, ध्वनिअभियंता ह्यू पॅडगम. वादकांचं बोलणं काचेपलीकडे ऐकू यावं म्हणून स्टुडिओत एक वेगळा माईक असतो. दूरचं कुजबुजणंही कळावं म्हणून त्यावर जबरदस्त कॉम्प्रेशन असतं, म्हणजे लहान-मोठे आवाज जवळजवळ एकाच पातळीवर आणलेले असतात. तो चालू असताना कॉलिन्सने ड्रम वाजवला आणि तो राक्षसी आवाज सगळ्यांनी ऐकला. पुढची आठ-दहा वर्षं जगभरचे ड्रम तसे वाजले. बोलण्यासाठी ठेवलेल्या माईकने गाण्याचा आवाज ठरवला.

आणि इथेही बोलण्याचाच माईक. मिक्सरमधून थेट घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये खरं तर गर्दी यायलाच नको. ती येते, कारण डीजे बोलायचा माईक अर्धवट उघडा ठेवायचे. पहिल्या वीसेक कॅसेटींत तो अधूनमधून उघडतो. १९९१ नंतर मात्र जवळजवळ सतत उघडाच. याचं कारण मला दुपारी तीनच्या सुमाराला उमगलं आणि मी जागेवरून उठलेच. टेम्पो! त्यांच्या संग्रहातली जुनी नाचाची गाणी मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपासची. १९९१ पासून पोरं जे मागत होती, त्यातलं बरंचसं १०० च्या आसपास. डीजे लोकांच्या नेहमीच्या टर्नटेबलवर वेग मागेपुढे करायची पट्टी आठ टक्क्यांची. १२० चं गाणं पूर्ण मागे ओढलं तरी ११० च्या खाली जात नाही. १०० चं पूर्ण पुढे ढकललं तर १०८. दोन्ही टोकांना नेलं तरी भेट होत नाही. मग एका दशकातून दुसऱ्यात जायचं कसं? गाणं थांबवायचं आणि बोलायचं. 'काय मंडळी, दमलात का?' असलं काहीतरी. तीन-चार सेकंदांचा खड्डा बडबडीने भरायचा. ग्राहकाला जी बडबड नको होती ती नेमकी हीच.

आणि त्या उघड्या माईकमधून शेवटच्या गाण्याला हॉल काय म्हणतो ते ऐकू येतं. १९८७ ला पहिल्या ठोक्यालाच ओरडा. १९८९ लाही, पण बायकांचा आवाज जास्त. १९९१ च्या सुरुवातीला टाळ्या आहेत, ओरडा नाही. त्याच वर्षाच्या शेवटी खुर्च्या सरकवल्याचे आवाज. २७ वर तारीख नाही. अशा वेळी आम्ही त्या टेपवरचं सगळ्यात नवं गाणं शोधतो, कारण टेप त्याच्याआधीची असू शकत नाही. ते १९९२ चं निघालं. २७ वर ड्रम सुरू होतो आणि लोक हसतात. कुचेष्टेचं हसणं नाही वाटलं मला. आईचा जुना फोटो बघून हसतात तसं. दोघंतिघं मुद्दाम गळा काढून गातातही. मग साधारण दोन सेकंदांत ते हसणं खाली खाली जातं आणि नाहीसं होतं. गाणं चालूच राहतं. त्यापुढे त्या बाजूवर, आणि २८, २९, ३०, ३१ वर, माणूस म्हणून कुणी नाही. गाण्यामागे गाणं. खड्डे तसेच, रिकामे. ३२ वर हॉल परत येतो, पण ते गाणं आता यादीत नाही.

मी हेडफोन काढले आणि सहकाऱ्याला म्हटलं, "अरे, या माणसाने माईक खाली ओढलाय." मला त्या क्षणी खात्री होती की १९८० चं दशक संपताना मी प्रत्यक्ष ऐकलं. कॅसेट २७, दुसरी बाजू. सहकारी म्हणाला, "मग ठेवायचं का काढायचं?" त्याचा प्रश्न अगदी योग्य होता आणि मला त्याचा राग आला.

संध्याकाळी मुलाला बोलावून घेतलं. त्याने दोनदा ऐकलं. मग म्हणाला, "ताई, तो माईक बिघडला होता. मीच दुरुस्तीला नेला होता. बरेच आठवडे पडून होता तिथे."

मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि तो का वाटावा याचाच विचार मी तेव्हापासून करते आहे.

दशक बदलल्याच्या सगळ्या गोष्टींत अशी एक रात्र असते. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्डींची पेटी स्फोटाने उडवली, प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना झालाच नाही. झालं, डिस्को संपलं. प्रत्यक्षात त्याच शहरातल्या क्लबांत तो ठेका चालूच राहिला आणि काही वर्षांत हाउस नावाचं नाचाचं संगीत म्हणून बाहेर आला. दुसरी तारीख ११ जानेवारी १९९२ : बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांच्या यादीत निर्वाणा या रॉक बँडने मायकल जॅक्सनला पहिल्या जागेवरून हटवलं. पण त्याच्या आधीची एक तारीख कुणी सांगत नाही. २५ मे १९९१ पासून ती यादी करायची पद्धतच बदलली होती. आधी दुकानदारांना विचारून अंदाज घेत. काय खपतं याबद्दल दुकानदाराचं जे मत, तेच यादीत. त्या तारखेपासून गल्ल्यावर स्कॅन होणारे बारकोड मोजायला लागले, आणि बघता बघता कंट्री, रॅप असली मंडळी वर दिसू लागली. लोक त्या आठवड्यात बदलले नव्हते. ते आधीपासूनच घेत होते, वहीत चढत नव्हतं. निर्वाणाचा अल्बम खरोखरच खपला, त्यात शंका नाही, पण तो दिसला नव्या वहीत.

हे सगळं मला माहीत होतं. मीच नव्या मुलांना शिकवते : बदल ऐकू आला की आधी यंत्र तपासा. तरी पण दोन सेकंदांच्या एका उतारावरून मी एका माणसाचं अख्खं दुखणं रचलं.

पण तो उतार. वायर तुटली की कडकन आवाज येतो. सैल असेल तर खरखर, मग तुटतुट आवाज. हळुवार, सरळ रेषेत दोन सेकंदांत खाली जाणं हे बोटाचं काम आहे, मी असे हजारो ऐकलेत. मुलाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "खरखर यायला लागली असेल, म्हणून बाबांनी कमी केला असेल." मी मागे जाऊन ऐकलं. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला, हसण्याच्या बरंच आधी, खरखर आहे. दोनदा, अगदी बारीक. अझिमथ नीट नसता तर ऐकूही आली नसती. हा पुरावा माझ्याच हाताने माझ्याविरुद्ध काढला मी.

म्हणजे दोन्ही शक्य आहे. माईक बिघडत होता म्हणून खाली घेतला. किंवा लोक हसले म्हणून खाली घेतला, आणि खरखर हे घरी सांगायला बरं कारण होतं. दुरुस्तीला बरेच आठवडे का लागावेत, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही.

शेवटची सुटी कॅसेट त्याने माझ्यासमोर पहिल्यांदा ऐकली. तिची तारीख लावायला काही करावं लागत नाही, कारण तिच्यावर २००० ची उलटी मोजणी आहे. ती संपल्यावर फटाके, मिठ्या, कुणाचा तरी ग्लास फुटतो, आणि मग ते गाणं. पहिल्या ठोक्याला असा ओरडा की माझ्या मीटरचा काटा लाल भागात गेला. १९८७ पेक्षा मोठा. आवाज तरुण आहेत, बहुतेक त्या गाण्याच्या वेळी पाळण्यात असतील. वडील माईकवर काही बोलत नाहीत. माईक मात्र पूर्ण उघडा आहे.

त्याला दोन फाइली दिल्या. एक त्याने मागितली तशी, गाण्यांची. सहकाऱ्याने ती चांगली केली, पण टाळ्या आणि टेपची सळसळ यांतला फरक सॉफ्टवेअरला कळत नसल्यामुळे शेवटच्या कॅसेटवर तो ओरडा पावसासारखा झालाय. दुसरी संपूर्ण, काहीही न काढता. कोणती ऐकली ते त्याने कळवलेलं नाही. आमच्या नोंदीत प्रत्येक कॅसेटपुढे 'दोष' असा रकाना असतो. २७ पुढे मी लिहिलं, 'बाजू दोन : माईक चॅनेल बंद होतो.' 'बंद केला' लिहिलं होतं, ते खोडलं.

पुढच्या आठवड्यात तो माईक घेऊन आला. अजून त्यांच्या माळ्यावर होता. मी दुपारच्या सुट्टीत तो जोडला, वायर प्लगपाशी वाकवून, पिळून बघितली. एकदाही आवाज गेला नाही. १९९२ मध्ये दुरुस्त करणाऱ्याने प्लगच नवा बसवलाय, सोल्डर अजून चकचकीत आहे. त्याआधी तो कसा बंद पडत होता, हे आता त्या माईकला विचारून काही उपयोग नाही. मी तो पुसून परत दिला.