हत्ती देऊन खेळणारे अण्णा आणि घोडा देऊन खेळणारं मशीन

पावसात होडी वर ओढून झापांखाली ठेवली की मालवणात दांडीवरच्या आमच्या घरी पडवीत बुद्धिबळाचा पट निघायचा. अण्णा, म्हणजे माझे मोठे काका, मला हत्ती देऊन खेळायचे, म्हणजे स्वतःचा एक हत्ती उचलून डब्यात टाकायचे आणि मग डाव सुरू, तरीपण मी हरायचो. कसा हरतो ते तेव्हा कळायचं नाही. आता कळतं, ते मारामारी होऊच द्यायचे नाहीत. मी त्यांच्या वजिरासमोर माझा वजीर आणला की ते आपला बाजूला घ्यायचे आणि म्हणायचे, "पट भरलेलो रवाक व्हयो." मोहरे कमी झाले की ज्याच्याकडे एक हत्ती जास्त तोच जिंकणार हे त्यांना पक्कं माहीत.

हे सगळं परत आठवलं ते लीलामुळे. लीला हे फुकट मिळणारं बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, त्याचा एक बॉट लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर स्वतःचा एक घोडा कमी घेऊन खेळतो आणि फास्ट डावांत ग्रँडमास्टरनासुद्धा हरवतो. आणि करतो काय, तर अण्णा करायचे तेच! त्याला तयारच तसं केलंय, अदलाबदल टाळायची, पट भरलेला ठेवायचा, समोरच्याला एकामागून एक अवघड चाली शोधायला लावायच्या. वाचलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

मला तरी वाटतं माणूस आणि मशीन यांच्यातलं अंतर असंच मोजावं, की कोण कोणाला काय देऊन खेळू शकतो. रेटिंगने, म्हणजे डावांच्या निकालांवरून मिळणाऱ्या आकड्याने, ते नीट मोजता येत नाही. माजी वर्ल्ड चॅम्पियन कार्लसनचं आजवरचं सगळ्यात जास्त रेटिंग 2882, 2014 मधलं, आणि स्टॉकफिश हे इंजिन इंजिनांच्या यादीत 3600 च्या आसपास असतं, पण ती यादी इंजिनं आपापसात खेळून बनते, माणसं त्यात नाहीतच, मग वजाबाकी करून काय हाती लागणार? त्यापेक्षा 2016 मधली कोमोडो इंजिन आणि ग्रँडमास्टर नाकामुराची मॅच बघा. चारही डावांत कोमोडोने सुरुवातीलाच काही ना काही सोडलं होतं, तीन डाव बरोबरीत गेले, चौथा कोमोडोने मारला. म्हणजे जगातल्या अगदी वरच्या खेळाडूला काहीतरी देऊनसुद्धा मशीन जिंकलं, मी आणि अण्णा खेळायचो तसं. तिथेच विषय संपला असं मी मानतो.

1997 मध्ये असं नव्हतं. न्यूयॉर्कला IBM चा कॉम्प्युटर डीप ब्लू वर्ल्ड चॅम्पियन कास्पारोव्हविरुद्ध साडेतीन-अडीचने जिंकला तेव्हा तो सेकंदाला 20 कोटी पोझिशन बघायचा, पण आदल्याच वर्षी कास्पारोव्हने त्याला 4–2 हरवलं होतं, म्हणजे सामना खरा होता. आणि त्या 1997 च्या मॅचमधला दुसरा डाव कास्पारोव्हने सोडून दिला, मशीनने सगळं बघितलंच असणार असं धरून, आणि नंतर लोकांनी दाखवलं की शह देत राहून बरोबरीची वाट होती. 2006 मध्ये बॉनला क्रामनिक, तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन, डीप फ्रिट्झ या इंजिनासमोर एका चालीतली मात बघायची राहिला. इतका मोठा खेळाडू! डोकं थकतं माणसाचं.

म्हणूनच लाइव्ह मॅचच्या खाली लोक जे लिहितात त्याचा मला भयंकर राग येतो. स्क्रीनच्या कडेला तो बार असतो, इंजिन काय म्हणतंय ते दाखवणारा, आणि त्याच्याकडे बघून कोणीही ग्रँडमास्टरला मूर्ख म्हणतो. 12 डिसेंबर 2024, सिंगापूर, वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या मॅचमधला गुकेश आणि डिंगचा चौदावा डाव. बार मध्यावर, बरोबरी. बरोबरी म्हणजे मशीनसाठी बरोबरी हो! डिंगला एक प्यादं कमी, अडीच आठवड्यांचा थकवा अंगात, आणि 55व्या चालीला त्याने हत्ती समोर आणला, घे म्हणून. गुकेशने हत्ती मारला, मग डिंगचा उंट कोपऱ्यात अडकलेला होता म्हणून उंटाची अदलाबदल पण करून घेतली, पट रिकामा झाला आणि ते एक प्यादं जड झालं. अण्णांना हे फोनवर दाखवलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "दमलो असतलो तो." खाली हजारो लोक लिहीत होते हे कसं दिसलं नाही म्हणून, आणि बार नसता तर त्यातल्या कितींना दिसलं असतं?

या जूनमध्ये घरी गेलो. अण्णा आता होडीवर जात नाहीत, ऐंशीला आलेत, मध्येच चाल कोणाची ते विसरतात. पट मांडताना मी काही न बोलता माझा घोडा उचलून बाजूला ठेवला.

"घोडो जाग्यार ठेव," एवढंच म्हणाले.

ठेवला. बाहेर पागोळ्या गळत होत्या, लाइट गेलेली. दहाबारा चाली झाल्यावर मी वजीर पुढे केला, त्यांच्या वजिरासमोर. अण्णांनी आपला बाजूला घेतला.