टोचली एकदाची

आज कॅज्युअल्टीत रक्त घेतल्यावर सुई बोटात घुसली. चूक माझीच, टोपण परत लावायला गेले. (पहिल्या पोस्टिंगपासून 'रीकॅप करू नका' ऐकतेय, तरी हात जातोच.) बोट साबणाने धूत होते तेवढ्यात सिस्टरांनी विचारलं, "हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत ना गं?"

मी गप्प. दोन झालेत. तिसरा सहाव्या महिन्यात होता, नेमकी तेव्हाच परीक्षा आली. मग राहिलाच.

आणि व्हायव्हात मीच धडाधडा सांगितलं होतं: सुईतून एचआयव्हीचा धोका साधारण ०.३ टक्के, पण लस नसेल आणि रुग्ण ई-अँटिजेन (विषाणू जोमात वाढत असल्याची रक्तातली खूण) पॉझिटिव्ह असेल तर हिपॅटायटिस बीचा ३० टक्क्यांपर्यंत. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू ७ दिवस तग धरतो.

रुग्ण निगेटिव्ह निघाला. हुश्श! तिसरा डोस लगेच घेतला. महिन्या-दोन महिन्यांनी टायटर (लसीमुळे रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडींचं प्रमाण) १० च्या वर गेलंय का, ते बघायचं.

देशभरातल्या बाळांना ही लस २०११ नंतर मिळायला लागली, आम्ही त्याआधीचे. रात्री होस्टेलवर विचारलं तर पाचजणींत टायटर केलेली एकही नाही. उद्या चौघी येतायत माझ्याबरोबर. पाचवी म्हणते, परीक्षा झाल्यावर बघू.