तुम्ही विचारलंत म्हणून: भुयारातला गारवा

लातूरला गेले की लग्न असो की तेरावं, कुणीतरी विचारतंच, "आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, अन् तू भुयारी मेट्रो गार करायलीस. पटतं का गं तुला?"

विचारलंत म्हणून सांगते. ही चैन नाही. गाडीनं ब्रेक मारला की तिच्या वेगाची उष्णता होते आणि भुयारात तिला जायला वाट नसते. लंडनच्या भुयारांभोवतीची चिकणमाती १९०० च्या सुमारास १४ अंशांवर होती; शंभर वर्षं ती ऊब शोषून १९ ते २६ अंशांवर गेली. म्हणून आधी ब्रेकमधून निघणारी वीज परत तारेत घालायची. दिल्ली मेट्रोला त्यावर कार्बन क्रेडिटही मिळालं, म्हणजे टाळलेल्या प्रदूषणाचं विकता येणारं प्रमाणपत्र. फलाटाला काचेची दारं लावायची, भुयारातली ऊब फलाटावर येऊ नये म्हणून. उरलेल्या उष्णतेसाठी चिलर, म्हणजे गारवा करणारी मोठी यंत्रं.

एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. मी सुट्टीवर आले होते, पिशवीत एका स्टेशनच्या कूलिंग टॉवरचा, म्हणजे चिलरची उष्णता पाण्याच्या वाफेवाटे बाहेर टाकणाऱ्या मनोऱ्याचा, हिशेब. आत्यानं कागद बघून विचारलं, यात काय आहे? म्हटलं, टन हे गारव्याचं माप. एका टनामागं तासाला सहा-साडेसहा लिटर पाणी वाफ होऊन उडून जातं.

"म्हंजे दोन तासाला माझी एक घागर. असे टन किती?"

"शेकड्यानं."

तिनं कागदाची घडी घालून पिशवीत परत ठेवली. पहाटे तीनला टँकरच्या रांगेला रोज मला उठवायची. त्या दिवशी उठवलं नाही. दोन घागरी घेऊन एकटीच गेली.

परत आल्यावर मी हट्टच धरला: हवेनं थंड होणारे चिलर घ्या, पाणी लागत नाही. वरिष्ठांशी भांडले. पण या चिलरना वीज जास्त लागते, विजेलाही पाणी लागतं, आणि २०१५ साली परळीचं औष्णिक केंद्र पाण्यावाचूनच बंद पडलं होतं. हे मला माहीत होतं. बैठकीत बोलले नाही, कारण मला ते भांडण जिंकायचं होतं. तिकडं वाचलेलं पाणी आत्याच्या घागरीत येणार नव्हतं, हेही माहीत होतं.

आता टॉवरसाठी शुद्ध केलेलं सांडपाणी मागते. हिशेबाला दोन रकाने करते: टॉवरचं पाणी आणि विजेमागचं पाणी. दुसऱ्या रकान्याला आकडा मागितला की "तो आपला विषय नाही" असं उत्तर येतं. रकाना रिकामा ठेवूनच मी कागद पुढं पाठवते.