बेळगावातून मेलबर्नच्या ससाण्यांचा एक हंगाम: माझा अनुभव

बहिरी ससाण्याचं घरटं इंटरनेटवरच्या थेट कॅमेऱ्यावर बघायचं ठरवलं की पहिला प्रश्न कुठला कॅमेरा हा नसतो. आपल्याला वेळ कधी असतो, हा असतो. इंग्लंडमधल्या नॉर्विच आणि डर्बीच्या कॅथीड्रलवरची घरटी मार्चअखेर ते जून चालतात. तिकडची सकाळ आपल्याकडे दहाच्या सुमारास सुरू होते आणि तिकडे अंधार पडतो तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असते, म्हणजे दुपार-संध्याकाळ मोकळी असणाऱ्याला ही सोयीची. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाच्या घंटाघरावरचं घरटं आपल्या संध्याकाळी सातनंतर जागं होतं. मी निवडलं मेलबर्नचं, 367 कॉलिन्स स्ट्रीट या उंच इमारतीच्या कठड्यावरचं. तिथे 1991 पासून ससाण्यांची नोंद आहे. दक्षिण गोलार्ध असल्यामुळे हंगाम ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर. आपल्या हिशेबाने गणपतीच्या आगेमागे अंडी, दसऱ्याच्या आसपास पिल्लं आणि दिवाळीच्या सुमारास उड्डाणाची तयारी.

मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे. तिकडे उजाडतं तेव्हा बेळगावात रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि दुपारी दीड-दोनला तिकडे अंधार पडतो. त्यामुळे कामावरून आल्यावर संध्याकाळी बघायला बसलात तर आई डोकं पाठीत खुपसून झोपलेली दिसेल, बाकी काही नाही. सकाळी सहा ते दुपारी एक ही खरी वेळ. पहाटेचा भाग हुकतोच. पण यूट्यूबवरच्या थेट प्रक्षेपणात चॅनेलने सोय ठेवली असेल तर बारा तासांपर्यंत मागे जाता येतं. मी सकाळी उठल्यावर आधी तिकडच्या उजाडण्यापर्यंत मागे जातो आणि तिथून भरभर पुढे सरकतो. थांबायचं कुठे? बसलेला पक्षी बदलला किंवा खडीवर पिसं दिसली, तिथे.

डेटाचा हिशेब आधी करा. चित्राचा दर्जा 720 वर ठेवला तर तासाला साधारण एक जीबीच्या वर जातो, म्हणजे दिवसाच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये तास-सव्वा तास. 360 वर तेवढ्यात चारेक तास निघतात. अंड्यांचा महिनाभर 360 पुरतं, कारण चित्र जवळजवळ हलतच नाही. भरवणं सुरू झालं की मात्र 720 हवंच, नाहीतर घास कुणाच्या तोंडात गेला ते कळत नाही. गणपतीच्या दिवसांत इकडे पाऊस असतो आणि वीज जाते. ती परत आल्यावर पान पुन्हा उघडा. नाहीतर गोठलेल्या चित्रातला पक्षी तासभर निश्चल बसल्यासारखा वाटतो आणि आपण उगाच घाबरतो. चित्रावर घड्याळ असेल तर नजर आधी तिकडे टाकायची सवय लावून घ्या.

घरटं म्हणजे काड्यांचं काही नसतं. ससाणा काडी आणत नाही. छातीने आणि पायांनी खडीत खळगा करतो, बस. कड्यावरच्या मातीत तो होतो, पण इमारतीच्या धातूच्या पन्हळीत किंवा सिमेंटवर होत नाही. अंडी घरंगळतात, पाणी साचतं. म्हणून शहरांतल्या घरट्यांना बारीक खडी भरलेला लाकडी ट्रे देतात. एवढ्या साध्या वस्तूवर अख्खा हंगाम उभा असतो, हे मला फार मोलाचं वाटतं. या पक्ष्याने वाईट दिवस पाहिलेत. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन उबवणाऱ्या आईच्याच वजनाखाली फुटत होती. ब्रिटिश अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतली कवचं मोजून 1967 साली ते दाखवलं. अमेरिकेत मिसिसिपीच्या पूर्वेला एकही जोडी उरली नव्हती. तिथे 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली, बंदिवासात वाढवलेली पिल्लं सोडली गेली, आणि 1999 मध्ये तिथल्या संकटग्रस्त यादीतून हा पक्षी बाहेर आला.

आता नर-मादी ओळखणं. मादी नरापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने मोठी असते. दोघं शेजारी असतील तर प्रश्नच नाही, पण तसे ते क्वचित दिसतात. एकटा पक्षी असेल तर अंड्यांवर बसताना बघा. आत येताना तो बोटं मुठीसारखी आत वळवतो, म्हणजे नख्या अंड्याला लागत नाहीत, आणि चवड्यांऐवजी मुठींवर डुलत चालतो. मग अंड्यांवर उभा राहून छाती खाली घालतो आणि डावी-उजवीकडे हलत हलत पोटाची पिसं बाजूला सारतो, कातडीची ऊब थेट अंड्याला मिळावी म्हणून. मादी दोन-तीन हेलकाव्यांत बसते आणि चारही अंडी झाकली जातात. नर लहान, त्याला चारही अंडी झाकता येत नाहीत. एक तांबूस-तपकिरी कड बाजूने डोकावत राहते, तो चोचीने ती आत ओढतो, की दुसऱ्या बाजूने दुसरी बाहेर येते. हे दोनदा बघितलं की पुढे चूक होत नाही. दिवसा नर काही तास पाळी घेतो, रात्री बहुतेक मादीच.

तारखा काढताना आपल्याकडच्या कोंबडीचा हिशेब डोक्यात असतो, तो इथे अर्धाच लागू पडतो. कोंबडी सगळी अंडी झाल्यावर रवणीला बसते, म्हणून पिल्लं एकदम निघतात. ससाण्याची मादी दोन-अडीच दिवसांनी एकेक अशी तीन-चार अंडी घालते आणि तिसऱ्या अंड्याच्या सुमारास पक्की बसायला लागते. त्याआधी ती अंडी उघडी टाकून बाजूला उभी राहते. नवखे लोक इथेच हवालदिल होतात. न उबवलेलं अंडं थंडीत काही दिवस टिकतं, एकदा ऊब लागली की मग खंड चालत नाही. तेव्हा मोजणी तिसऱ्या अंड्यापासून करा आणि 33 ते 35 दिवस धरा. समजा पहिलं अंडं 25 ऑगस्टला आणि तिसरं 30 ऑगस्टला, तर पिल्लं 2 ते 4 ऑक्टोबरला. चौथं अंडं एक-दोन दिवस मागे. एखादं फुटतच नाही, त्याचं दुःख करत बसू नये. ते ट्रेमध्ये तसंच पडून राहतं आणि पिल्लांच्या पायांखाली इकडेतिकडे होतं.

याच दिवसांत नोंदवहीचा घोळ होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मेलबर्नची घड्याळं एक तास पुढे जातात आणि फरक साडेपाच तासांचा होतो. मी मेलबर्नच्या वेळेने नोंद ठेवत असल्याने सगळं एक तास उशिरा घडायला लागलं आणि पिल्लांमुळे पाळ्या बदलल्या असं वाटलं. बदललं होतं फक्त घड्याळ. तेव्हापासून वहीत दोन रकाने: त्यांची वेळ आणि आपली वेळ. पुढे कोण बसलंय, शिकार काय, किती वेळ भरवलं, एवढंच. जास्त रकाने आखले की वही आठवड्यात बंद पडते.

पिल्लू अंड्यातून निघायला एक-दोन दिवस लागतात. कवचावर आधी तारेसारखा बारीक तडा दिसतो. आई मान वाकडी करून खाली ऐकते, आणि त्या दिवसापासून ती जरा वर उचलून बसते, पंख किंचित सैल. अंडं दिसत नसलं तरी तिच्या बसण्यावरून कळतं. पिल्लू निघतं तेव्हा 35-40 ग्रॅमचं, ओलसर गुलाबी, आणि तासा-दोन तासांत पांढऱ्या कापसासारखं. पहिलं भरवणं जरूर बघा. पारवा पिसं उपटून स्वच्छ करून आणलेला असतो. आई एका पायाने तो दाबून धरते, तांदळाच्या दाण्याएवढा मऊ मांसाचा तुकडा तोडते आणि चोचीच्या अगदी टोकावर धरून पिल्लासमोर स्थिर थांबते. पिल्लाची मान डुलत असते, ते दोनदा हुकतं, तिसऱ्यांदा पकडतं. आई घाई करत नाही. घास पडला तर तो स्वतः गिळते. हाड किंवा पीस आलं तर तेही तीच खाते. सगळ्यात धाकटं पिल्लू मागे राहिलेलं दिसलं तर लगेच घाबरू नका. पुढच्यांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी फुगली की ती मान टाकतात आणि मागच्याची पाळी येते. एका भरवण्यावरून नाही, तर दिवसभराच्या नोंदीवरून ठरवा. मेलबर्नमध्ये शिकारीत पारव्यांशिवाय साळुंकीच्या जातीतले पक्षी आणि रंगीत पोपटही येतात, म्हणून खडीवर गुलाबी-हिरवी पिसं दिसतात.

दहा-चौदा दिवसांनी आई पिल्लांवर बसणं सोडते. पोल्ट्रीत दिव्याखालची पिल्लं बघितलेल्याला पुढचं शिकवावं लागत नाही: एकमेकांवर चढून ढीग केला तर थंडी, पांगून मान टाकून पडली तर ऊन. ऊन असलं की आई पंख अर्धे उघडून त्यांच्यावर छत्री धरते. तीन आठवड्यांनंतर पिल्लं सावलीसाठी पन्हळीतून चालत चित्राबाहेर जातात. ट्रे रिकामा दिसला म्हणून पिल्लं पडली असं समजू नका. आई तोंडात शिकार घेऊन कुठल्या बाजूला वळते ते बघा, पिल्लं तिकडेच असतात. 38 ते 45 दिवसांत उड्डाण, नर पिल्लं आधी.

या सगळ्यात माझ्या सर्वांत कामी आले ते आवाज. जोडी एकमेकांशी बोलताना ‘ई-चुप’ असा दोन तुकड्यांचा आवाज काढते. धोका असेल तर ‘कॅक-कॅक-कॅक’, न थांबता. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर याच जातीचा शाहीन राहतो, पोटाला तांबूस आणि डोक्याला काळी टोपी असलेला. हिवाळा ते उन्हाळा त्याचा वीणीचा काळ. जांबोटी-चोर्ल्याच्या बाजूला फिरताना कड्यावर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसले तर तिथेच थांबा, दुर्बीण लावा. ड्रोन मुळीच नको. 1972 च्या वन्यजीव कायद्यात हा पक्षी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. जागेचा फोटो कुठल्या ग्रुपवर टाकू नका, सोबत्यालाही फक्त तालुका सांगा. आणि ‘कॅक-कॅक’ सुरू झालं तर आई अंड्यांवरून उठलेली आहे, तेव्हा दुर्बीण खाली करून आल्या वाटेने मागे फिरा, आवाज बंद होईपर्यंत.