मॅन्सिनीच्या खर्जातल्या बासऱ्या

रविवार, रात्री

दुपारभर अमेरिकन संगीतकार हेन्री मॅन्सिनीच्या रेकॉर्ड लावून बसलो होतो. आधी ‘पीटर गन’, मग १९६०ची ‘द ब्लूज अँड द बीट’. तिची एक बाजू ब्लूजची, दुसरी ठेक्याची. छानच आहे, तरी फिरून ‘पीटर गन’वरच आलो.

शीर्षकधुनीबद्दल सगळेच बोलतात, आणि बोलावंच. गिटार आणि पियानो (पियानोवर तरुण जॉन विल्यम्स, पुढे ‘स्टार वॉर्स’चं संगीत देणारा!) खाली तीच ती सुरावट घोळवत राहतात, कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, शेवटपर्यंत हलत नाही, आणि वरून ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, अंगावर धावून येतं. १९५८ साली अमेरिकेतल्या टीव्हीवर आलेल्या एका खासगी गुप्तहेराच्या मालिकेचं हे संगीत. १९५९ साली पहिलेवहिले ग्रॅमी पुरस्कार दिले गेले, तेव्हा वर्षाचा अल्बम हाच ठरला. समोर सिनात्रा होता, एला फिट्झजेराल्ड होती, दोघंही नावाजलेले गायक. इथे नुसती वाद्यं!

मी मात्र अडकतो ते संथ तुकड्यांत. त्याच रेकॉर्डवरचं ‘ड्रीम्सव्हिल’ सुरू झालं की हातातलं काम बाजूला राहतं. या मालिकेसाठी मॅन्सिनीने ऑल्टो आणि बेस फ्लूट, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या बासऱ्या, वापरल्या. बेस फ्लूट नेहमीच्या फ्लूटपेक्षा अख्खं सप्तक खाली बोलते, आणि त्या खर्जात तिचा आवाज इतका मऊ की नाचाच्या हॉलमध्ये ट्रम्पेटांपुढे तिचा टिकावच लागू नये. स्टुडिओत माइक तिच्या तोंडाशी आणला, की फुंकेतली हवासुद्धा ऐकू येते. हे ओळखूनच तो लिहीत होता. नुसता बँडचा नव्हे, माइकचाही विचार त्याच्या कागदावर आहे.

त्याचे वडील पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट अलिक्विपात पोलाद कारखान्यात कामाला होते. लहानपणी फ्लूट शिकवली ती त्यांनीच. त्या वाद्यावरची ही माया तिथूनच आली असावी, असं मला मनापासून वाटतं.

ऐकता ऐकता सेबॅस्टियन डिसोझा आठवले. गोव्याचा माणूस, शंकर-जयकिशनच्या किती गाण्यांची वाद्यरचना त्यांच्या हातची! आपण चाल गुणगुणतो, संगीतकाराचं नाव घेतो. दोन ओळींच्या मधल्या व्हायोलिन्स कुणी मांडल्या, हे विचारायचं राहूनच जातं. उद्या ती गाणी काढणार आहे, आणि गाणाऱ्याकडे लक्ष न देता मागचा वाद्यमेळ तेवढा ऐकणार आहे.