दारातलं भोक

लेकीच्या प्रोजेक्टसाठी म्हणून लॅपटॉप उघडला आणि गॅसवरची भाजी करपली. २९ फेब्रुवारी १७०४ च्या पहाटे अमेरिकेतल्या डिअरफील्ड गावावर हल्ला झाला होता, त्यावर तिथल्या म्युझियमची वेबसाइट आहे. एकच घटना इंग्रज, फ्रेंच आणि मोहॉक, वेंडॅट, अबेनाकी या तिथल्या मूळ जमाती अशा पाच बाजूंनी बघायची! त्या हल्ल्यात कुऱ्हाडीने भोक पाडलेलं, खिळ्यांनी भरलेलं तिथल्या एका घराचं जाडजूड दार मी कितीदा तरी झूम केलं. हल्लेखोरांनी गावातल्या ११२ जणांना कैद करून बर्फातून पायी कॅनडाला नेलं. त्यातली युनिस विल्यम्स जेमतेम सात वर्षांची. मोहॉकांतच वाढली, तिथेच लग्न केलं. पाद्री बापाने केवढं विनवलं, पण कायमची परतली नाहीच.

लेक मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडून बसलीये, "आई, ती इंग्रजीसुद्धा विसरली?"